सूनबाईच्या खोलीला बाहेरून कडी

नऊ माणसांचं घर मी मनगटाला घड्याळ न बांधता चालवलंय. तेव्हा एका लिहिणाऱ्या बाईचा दिवस ताळ्यावर आणणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! शिक्षण विचाराल तर चौथीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर अजून वाद आहे.

आमची सून लेखिका. साहेब नाही, हजेरी नाही. घरी बसून साप्ताहिकांना लिहून देते. आणि काय लिहिते म्हणता! अक्षर लावून लावून वाचणारी मी, पण तिच्या लेखापायी दोनदा दूध उतू घालवलंय. वेळेच्या नावानं मात्र शंख! सकाळी खिडकीशी उभी, दुपारी आडवी, आणि शेवटच्या तासाला अंगात आल्यासारखी लिहिणार. विचारलं तर म्हणते, "आई, मी विचार करतेय." अगं, विचार मीही करते, पण भांडी घासता घासता!

दोनदा लेख उशिरा गेला. संपादकांनी निरोप धाडला, मंगळवारी बाराला लेख आला नाही तर सदर दुसऱ्याला. पाच वर्षं जीव लावून चालवलेलं सदर! पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मी म्हटलं, "आता तुझी वेळ माझ्या ताब्यात! मंगळवारी नऊ ते बारा तू खोलीत, आणि बाहेरून कडी!"

ती हसली. तिला थट्टा वाटली.

मंगळवारी नवाच्या ठोक्याला मी कडी घातली. आत पंखा गरगरत होता. डोकावले नाही, लिहिणाऱ्याकडे बघितलं की वाक्य मोडतं म्हणे. मग आठवलं, गच्चीवर आठवडाभर गवंडी ठोकाठोक करताहेत. तडक वर गेले आणि गच्चीच्या लोखंडी दारालाही कडी! आता या म्हणावं!

साडेनऊला खोलीत फोन वाजला. वाजून वाजून दमला, पण तिनं उचलला नाही. दहाला पुन्हा तेच! माझा ऊर भरून आला. ह्याला म्हणतात एकचित्त! आमचे चिरंजीव एका घासाला तीनदा फोन बघतात.

तेवढ्यात डोक्यावर धाड धाड! म्हणजे गवंडी माझ्याआधीच वर पोचले होते तर! बसा मेल्यांनो अडकून! जळमटांची काठी घेऊन मी छत बडवलं, "गप बसा रे! माझी सून लिहितेय!" वर चिडीचूप. दरारा दरारा म्हणतात तो हाच.

साडेअकराला संपादक स्वतः दारात. "त्या फोन घेत नाहीत म्हणून आलो, आजी."

"आजी? केस तुमचे माझ्याहून पांढरे! बसा इथे. ब्रह्मदेव आला तरी बाराआधी कडी निघायची नाही!"

अर्धा तास मी त्यांना सुनेचे गुण सांगितले. त्यांना खोकायलासुद्धा फट सापडली नाही.

बारा वाजले. मी ऐटीत दार उघडलं. पंखा फिरतोय आणि खुर्ची रिकामी!

संपादकांनी चष्मा सारखा केला. "फारच मन लावून लिहितात हो त्या!"

पोरीचं सदर मीच बुडवलं! तोच वरून पुन्हा धाड धाड, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लिहायच्या आधी ती गच्चीवर फेरी मारते, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण माझ्या वेळापत्रकात फेरी नव्हती ना!

जिना कसा चढले, देव जाणे. दार उघडलं तर गवंडी नाहीतच, सूनबाई उभी, केसांत धूळ, काखेत सिमेंटच्या कागदी पिशव्यांची चवड. पिशव्या फाडून, आतल्या बाजूला, गवंड्याच्या जाड पेन्सिलीनं अख्खा लेख लिहिला होता बाईनं! ही माझी सून!

माझ्यामागून वर आलेल्या संपादकांनी तो उन्हात उभ्या उभ्या वाचला. दुसऱ्या पिशवीला खो खो हसले, पाचवीला डोळे पुसले. डोळ्यांत सिमेंट गेलं म्हणाले. मला शिकवतात!

"उद्याच छापतो," म्हणाले, आणि पिशव्या पोटाशी धरून पांढऱ्याधोप सदऱ्यानिशी गेले.

मी मान खाली घातली. "चुकलं गं माझं."

"छे हो आई! एका बैठकीत लेख पुरा, असं आजवर कधी झालंच नव्हतं. उद्यापासून मला रोज गच्चीवरच कोंडा."

मी फुलले. "बघ! शेवटी माझंच वेळापत्रक कामी आलं!"

"हो ना. वर तुमचं बोलणं ऐकू येत नाही."

झोंबलं. पण वाक्य काय नेमकं! एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. तेवढंच मला जमत नाही. बघा की, एवढीशी गोष्ट सांगायला किती वेळ घेतला तुमचा!