ओलेटाचा शेकायचा पट्टा

मंगळवारी दुपारी आर्विल हॅमरिक जेवायला घरी आला आणि टोपी काढता काढता बायकोला म्हणाला, "आज पाठ बरी दिसतेय तुझी."

"कोण म्हणतं?" मक्याचा पाव कापत ओलेटाने विचारलं.

"यंत्र म्हणतं."

डोंगरातल्या त्या खोऱ्यात एक भली थोरली रेडिओ दुर्बीण आभाळाला कान लावून बसलेली होती. परग्रहावरून कोणी हाक मारतंय का, हे तिचं यंत्र आपोआप ऐके. त्याला अडथळा नको म्हणून गावात मोबाइलला बंदी, मायक्रोवेव्हला बंदी. कोणाच्या घरात काय चोरून गुणगुणतंय, ते गाडीतून हुडकत फिरायचं आणि जप्त करायचं, ही आर्विलची एकतीस वर्षांची नोकरी. शेजाऱ्याच्या खुराड्यातला दिवासुद्धा त्याने सोडला नव्हता. कोंबड्या अजून त्याच्याकडे रागाने बघत.

गेल्या हिवाळ्यात यंत्राने पकडला तो ओलेटाचा विजेवरचा शेकायचा पट्टा. आता बायकोवर जप्ती कोण आणणार? आर्विलने गुपचूप यंत्राला शिकवलं, ही खरखर घरची, सोडून दे. यंत्र गुणी. तशी खरखर आली की 'घरचं' असा शेरा मारी आणि ती पुसून टाकी.

या हिवाळ्यात, ऑक्टोबरापासूनच, शेरे पुन्हा सुरू झाले. आधी संध्याकाळी सातला, मग रोज चार मिनिटं लवकर, असं करत करत खरखर भर दुपारवर आली. बिचारीचं दुखणं वाढतंय, म्हणून आर्विल हळहळे. आज मात्र शेरा नव्हता.

"आज शेकलं नाहीस ना?"

"कशाने शेकू? पट्टा सप्टेंबरातच जळाला. याच टेबलावर सांगितलं होतं तुला. तू 'हं' म्हणालास."

आर्विलचा घास हातातच राहिला. आभाळातला प्रत्येक तारा रोज चार मिनिटं लवकर उगवतो, हे त्याने शाळांच्या सहलींना इतक्यांदा सांगितलं होतं, की पोरं त्याच्या आधी म्हणत.

"साडेतीन महिने, ओलेटा! रोज आभाळातून येत होतं."

"काय म्हणत होतं?"

"पुसलं गेलं सगळं."

"मग वर कळव की."

"काय कळवू? माझ्याच घरात पट्टा होता म्हणून?"

"कर जप्त. फडताळात आहे."

आर्विल खिडकीतून दुर्बिणीकडे बघत राहिला. "उद्या येईल परत," तो पुटपुटला.

"नाही यायचं," त्याच्या ताटात घेवडा वाढत ओलेटा म्हणाली. "रोज हाक मारायची आणि समोरच्याने ओ द्यायची नाही. किती दिवस मारणार कोणी? मला विचार. ऐकतोयस ना?"

"हं," आर्विल म्हणाला.