अप्पांचं नाक आणि डबल आयपीए

अप्पा ग्लास तोंडाला लावायच्या आधी नाकाला लावतात आणि मग तो तिथून हलतच नाही. वेटर येऊन जातो, आमचे शेंगदाणे संपतात, शेजारच्या टेबलावरची माणसं बिल देऊन उठतात, तरी अप्पांचं नाक ग्लासात. शेवटी एकदाची मान वर होते. नाकाच्या शेंड्याला फेस, मिशीला फेस आणि चेहरा इतका गंभीर, की हसायची सोय नाही. मग ते ग्लास माझ्यापुढे सरकवतात आणि म्हणतात, "बोला परभणीकर. काय म्हणतंय?"

म्हणणार काय कप्पाळ! पहिल्या वेळी मी सांगून टाकलं, "बिअरसारखा वास येतोय." अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा ग्लास उचलावा लागला.

अप्पा म्हणजे माझे घरमालक. हिंजवडीशेजारच्या मारुंजीत आज त्यांची चार मजली इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांची भाताची खाचरं होती. आता तळमजल्यावर काकूंची खानावळ आहे आणि वर आम्ही भाडेकरू. आम्हाला इथे नावं नाहीत, गावं आहेत. मी परभणीकर, समोरच्या खोलीतला नागपूरकर, गच्चीखालचा जळगावकर. मी कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेतो. त्यामुळे जीभ जरा तिखट झालीये, असं लग्नाची स्थळं आणणारा मामा म्हणतो. असो.

तर अप्पांचं नाक. पंचक्रोशीत त्या नाकाचा दबदबा होता. लग्नाच्या मांडवात आचारी भाताच्या पातेल्याचं झाकण काढण्याआधी अप्पांना हाक मारायचे. झाकणाच्या फटीतून आलेल्या वाफेवर अप्पा सांगत, "आजून दम पायजेल," नाहीतर "उतरवा आता, न्हाईतर खाली लागंल." आंबेमोहोर म्हणून कुणी दुसराच तांदूळ विकायला आणला, तर पोतं उघडायच्या आत तो माणूस परत जायचा. "जीभ खोटं बोलंल," अप्पा सांगत, "नाक न्हाई बोलणार."

पण या नाकाचं खरं काम घरात होतं. काकूंचा एक नियम आहे. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय रांधलेलं जिभेला लावायचं नाही. खानावळ असली तरी रोज आधी देवघरात छोटं ताट जातं आणि मग आमची पानं. आता चव न घेता मीठमसाला बरोबर पडलाय की नाही हे कळायचं कसं? तिथे अप्पा. लग्न झाल्यापासून रोज आमटीला उकळी फुटली की काकू हाक मारायच्या, "आवं, जरा हिकडं या." अप्पा यायचे, पातेल्यावर वाकायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "चिमूटभर मीठ घाल." किंवा "फर्मास!" मी एकदा विचारलं, मिठाला कधी वास असतो का? "मिठाला नसतो," अप्पा म्हणाले, "मीठ पडलेल्या आमटीला आसतो." आणि ती आमटी, माझ्या खवट जिभेची शपथ, कधी चुकली नाही.

मग अप्पांना तो मोठा ताप आला. ताप गेला तो नाक घेऊन गेला.

हे मला कळलं ते एका मेलेल्या घुशीमुळे. जिन्याखाली कुठेतरी घूस मरून पडली होती. सगळी इमारत नाकाला रुमाल लावून ये-जा करत होती. आणि बरोबर त्या जिन्याच्या पायरीवर अप्पा निवांत पेपर वाचत बसले होते! मी म्हटलं, "अप्पा, इथे कसे बसलात?" त्यांनी माझ्या नाकावरचा रुमाल पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. मला हाताला धरून पार्किंगमध्ये नेलं.

"कुणाला बोलू नका, परभणीकर. हिला तर न्हाईच न्हाई."

"अहो, पण काकूंना सांगायला काय हरकत आहे?"

"काय सांगू? जमीन बिल्डिंगीखाली गेली. बैल इकलं. भाड्याचं समदं सून मोबाइलवर बघती. ह्या घरात मला इचारून होणारं येवढं एकच काम राहिलंय. ते बी गेलं म्हन सांगू?"

कुणालाही सांगणार नाही असं मी कबूल केलं. वाईट मात्र वाटलं.

नाक परत यावं म्हणून डॉक्टरांनी उपाय दिला होता. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, असे वेगवेगळे वास रोज हुंगायचे, आठवून आठवून हुंगायचे. पण घरात लवंगा हुंगत बसलं तर काकू विचारणारच. अप्पांनी चोरून गच्चीत लिंबू हुंगून पाहिलं, तर काकूंनी खालून विचारलं, सरबत करू का.

त्याच सुमारास हिंजवडीच्या रस्त्याला एक नवीन बिअरचं दुकान झालं होतं. तिथेच गाळतात, तिथेच पाजतात. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक बिअरची कुंडली खडूने लिहिलेली. डबल आयपीए नावाच्या बिअरच्या पुढे लिहिलं होतं, 'आंबा, संत्रं, लिंबू, पाइन'. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं असतात, त्यांनी बिअरला वास येतो आणि कडूपणाही. डबलमध्ये ती फुलं हात सैल सोडून घालतात, एवढी माहिती मला वेटरने दिली होती. मी ही गंमत म्हणून अप्पांना सांगितली. अप्पांनी बोटं मोजली.

"आंबा, संत्रं, लिंबू, आन ते चवथं काय ते. एकाच गिलासात?"

"हो, लिहिलंय तरी तसं."

"मग घरात वासाच्या चार बाटल्या कशाला लपवायच्या? चला की!"

ज्या माणसाने जन्मात ताडीला हात लावला नव्हता तो माणूस उपचार म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी बिअरच्या दुकानात जाऊ लागला. औषध म्हटलं की आपल्याकडे कशालाही मुभा असते.

पहिल्या दिवशी भरपूर हुंगून झाल्यावर अप्पांनी एक घोट घेतला. त्यांचं तोंड कारल्याचा रस प्यायल्यासारखं झालं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला.

"लागलं!" ते ओरडले. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "परभणीकर, लागलं! जिभंला कायतरी लागलं!"

तापापासून त्यांना सगळं पुठ्ठ्यासारखं लागत होतं. मटण पुठ्ठा, पुरणपोळी गोड पुठ्ठा. हा कडूपणा मात्र थेट जिभेच्या मुळाशी जाऊन बसला. वास नाही तर नाही, निदान दारावर कुणीतरी थाप मारली, म्हणाले. त्या दिवसापासून अप्पा डबल आयपीएचे झाले. वेटरने एकदा साधी आयपीए आणली, तर एका घोटात ओळखून परत पाठवली. "हे काय, पानी हाय. माझं डबल आना."

आणि एकदा माणूस शौकीन झाला की शास्त्र आलंच. ग्लास आला की अप्पा तो लगेच उचलत नाहीत. "लई गार हाय. गारठ्यात वास झोपतो." मग तो दोन्ही तळव्यांत धरून बसतात. रंग उजेडाला धरून बघतात, गढूळपणा ताकाइतका हवा. फेस बोटाने दाबून बघतात. आणि मग साक्षीदारांची तपासणी. मी 'आंबा' म्हटलं, की "कसला आंबा? रायवळ का हापूस? पाडाचा का आढीतला?" परभणीच्या माणसाला हे विचारणं म्हणजे छळ आहे. नागपूरकराला बरोबर नेलं, तो उत्साहाने 'संत्रं' म्हणाला. "साल का फोड? सोलताना का सोलून झाल्यावर?" नागपूरकर संत्र्याच्या बाबतीत तरी मागे हटणार नव्हता. तो सोलताना म्हणाला. अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले, चेहऱ्यावर जरा उजेड आल्यासारखं झालं. मग पाइनची पाळी आली. पाइनचं झाड आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. जळगावकर म्हणाला, "फिनाइलसारखं." अप्पा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

एकच ग्लास. तोही सावकाश. निघताना मूठभर बडीशेप तोंडात टाकायची, तळव्यावर फुंकर मारून खात्री करायची, आणि घरी. खात्री कशाची करायचे कोण जाणे!

इकडे खानावळीत मात्र हाहाकार होता. अप्पा रोज पातेल्यावर वाकायचे, डोळे मिटायचे आणि अंदाजाने ठोकून द्यायचे, "फर्मास!" एके दिवशी आमटी खारट समुद्र, दुसऱ्या दिवशी अगदीच अळणी. आम्ही माना खाली घालून दही मागून घ्यायचो. नागपूरकर दुसरी खानावळ बघून आला. अप्पा दारातून आमच्या चेहऱ्यांकडे बघत उभे असायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

आणि मग आमटी सुधारली. हळूहळू नाही, एकदम. मीठ बरोबर, चिंच बरोबर, रोजच्या रोज. नागपूरकर दुप्पट भात घ्यायला लागला. मी शुक्रवारी अप्पांना गाठलं.

"अप्पा, नाक आलं वाटतं!"

"न्हाई हो," अप्पा गोंधळून म्हणाले. "मी आपलं ठोकून देतोय, आन बरोबर निघतंय! मला वाटतं आतल्या आत सुधारतंय. मला अजून कळंना, पर नाकाला कळाया लागलंय." आणि मोठ्या विश्वासाने त्यांनी ते नाक ग्लासात घातलं.

मी टेस्टर आहे. एखादी गोष्ट आपोआप दुरुस्त झाली असं कुणी म्हणालं की माझा विश्वास बसत नाही.

परवा रविवारी मी पाण्याची बाटली भरायला जेवणाच्या वेळेआधीच खाली गेलो. काकू पातेल्यापुढे उभ्या होत्या. त्यांनी पळीतले दोन थेंब तळहातावर घेतले, इकडेतिकडे पाहिलं आणि पटकन जिभेला लावले. मग मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा दोन थेंब. देवघरातलं ताट अजून रिकामंच होतं. मागे वळल्या तर मी दारात.

"बगितलंत?" काकू म्हणाल्या. "बगा मग."

"काकू, अहो, नैवेद्याआधी..."

"देवाला सांगितलंय मी. त्याला चालतंय."

काकू आवाज खाली आणून बोलायला लागल्या. "माझ्यासमूर दूध करपून कोळसा झालं, आन हे तितंच बसून चहाची वाट बगत हुते. मला कळायचं न्हाई व्हय? आन शुक्करवारी बडीशेप खाऊन येत्यात. आपल्याला वास येत न्हाई म्हंजी कुणालाच येत न्हाई, आसं वाटतंय त्यांना."

मला हसू आलं, ते मी गिळलं. "तुम्हाला येतो?"

"तर! आधी पिकल्या आननसाचा. मग ईडलिंबाचं पान चुरगाळल्यावानी. आन समद्यात मागनं कडूलिंबाच्या मोहोराचा, चैतात आंगणात पडतो ना, तसला. वाईट न्हाई वास." त्यांनी पळी खाली ठेवली. "लई कडू आसतं का हो ते?"

"बरंच कडू असतं."

"त्यांना लागतं?"

"तेवढंच लागतं, काकू."

काकूंनी पदराने डोळे पुसले, मसाला गेल्यासारखं करून. "मग नेत जावा त्यांना," म्हणाल्या. "आन मला कळलंय हे सांगू नका. इतकी वर्सं मी हाक मारली की ते लगबगीनं येत्यात. हाक मारायची बंद केली तर जायचं कुटं त्यांनी?"

मी मान डोलावली. काकूंनी तळहात धुतला, कोरडा केला, आमटीवर झाकण ठेवलं आणि बाहेरच्या दिशेने नेहमीच्या आवाजात हाक मारली, "आवं, जरा हिकडं या! मला काय कळंना आज मिठाचं."

अप्पा लगबगीने आले. मला बाजूला व्हायची खूण केली, झाकण काढलं, पातेल्यावर वाकले. डोळे मिटले. वाफ सगळी चेहऱ्यावर घेऊन ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

"फर्मास!" ते म्हणाले. "कायबी घालू नको."

"बरं झालं बाई, तुमी हाय," काकू म्हणाल्या आणि देवाचं ताट वाढायला घेतलं.