पिसोरी कुणी मारली?

डास चावला की माणूस काय करतो? मारतो. आमचे शेजारी विलास जगदाळे मारत नाहीत. ते हात तसाच पुढे धरतात, त्यावर बसलेल्या डासाकडे चष्म्यावरून पाहतात आणि म्हणतात, "चावलेला हाच, कशावरून?" तेवढ्यात डास उडून जातो. तो पुराव्याअभावी सुटला असं जगदाळे मानतात. सिंगापुरात कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर तपासायला सरकारी माणसं घरी येतात. अशा देशात डासाला संशयाचा फायदा देणारा बहुधा एकच गृहस्थ असावा, आणि तो बुओना व्हिस्टाला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो.

जगदाळे मूळचे माण तालुक्यातले. वय छप्पन्न, अंगकाठी किरकोळ, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. एक चालत नाही, पण ते बिघडल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही म्हणून ठेवलंय. लग्न केलं नाही. का, असं एकदा माझ्या नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाले, "पुरेशी माहिती हाती आली नाही." हे त्यांनी विनोदानं म्हटलं की गंभीरपणे, ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. कधीच नसतो.

रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत ते इंटर्नल ऑडिटला आहेत. काही चुकलं की ते का चुकलं हे शोधून काढायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या हाताखालची मुलं कंटाळून अहवालात 'कारण: मानवी चूक' असं लिहितात. जगदाळे तो अहवाल परत पाठवतात. 'मानवी चूक' हे कारण नाही, ती पळवाट आहे, असं त्यांचं मत. गंमत म्हणजे बँकेतून बाहेर पडून जंगलात शिरले की हेच जगदाळे दुसरं कुठलंही कारण मान्य करत नाहीत. तिथं जे काही वाईट होतं ते माणसानंच केलेलं असतं.

घरगुती प्रकरणंही त्यांच्याकडे जातात. आमच्या सईच्या वाढदिवसाला केक कापण्याआधीच त्याचा एक कोपरा गायब झाला. मी अर्थातच सईला झापलं. जगदाळे पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी हातातली भेट खाली ठेवली आणि मला विचारलं, "वहिनी, संशयिताची बाजू ऐकली का?" मग त्यांनी सईची रीतसर जबानी घेतली, केकची उंची बोटांनी मोजली, आणि दहा मिनिटांत माझ्या नवऱ्याच्या मिशीपाशी येऊन थांबले. नवऱ्याला मधुमेह आहे. तेव्हापासून सई जगदाळेकाकांसाठी जीव टाकते आणि नवरा लिफ्टमध्ये त्यांना टाळतो.

पण मला सांगायचंय ते पिसोरीबद्दल.

आम्ही चारपाच मराठी घरं दर शनिवारी सायकली चालवायला पुलाउ उबीनला जातो. चांगीच्या धक्क्यावरून बमबोट नावाची लाकडी होडी निघते, म्हणजे बारा माणसं जमली की निघते. त्या बेटावर अजून जुनी मलय घरं आहेत, रबराची झाडं आहेत, रानडुकरं आहेत. आणि झुडपांत, नशीब असेल तर, सशापेक्षा थोडं मोठं, काडीसारख्या पायांचं एक हरीण दिसतं. आपल्याकडे याच जातीच्या हरणाला पिसोरी म्हणतात, आणि जगदाळ्यांमुळे आम्हीही तेच म्हणतो. जगदाळे सायकल चालवत नाहीत. ते गुडघ्यांना पॅड बांधतात, चिखलात रांगतात आणि पिसोरीच्या खुरांचे ठसे मोजतात. वही आहे. आम्ही वीस किलोमीटर फिरून येतो तेव्हा ते साधारण वीस मीटर पुढे गेलेले असतात.

गेली दोनेक वर्षं त्यांच्या वहीतले ठसे कमी होत चालले होते. यावर आमच्या शनिवारच्या मंडळींत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बेटावरची भटकी कुत्री पिसोऱ्या खातात. या तटाचे पुढारी केळकर. बेटावरची एक काळी कुत्री, हितम, एकदा त्यांच्या सायकलमागे धावली होती, आणि केळकर तेव्हा किंचाळले होते हे सगळ्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, कुणीतरी माणूस चोरून फासे लावतो. या तटात जगदाळे होते. आणखी कुणी नव्हतं.

"अहो जगदाळे, कुत्रा शिकारी प्राणी आहे," केळकर म्हणायचे.

"मीही बँकेत काम करतो. म्हणून बँकेत जे होतं ते मी केलं?"

"पण तिला पिसोऱ्यांमागे धावताना पाहिलंय लोकांनी."

"तुमच्यामागेही धावलीय. तुम्ही अजून आहात."

सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "अंकल, डॉग डिड इट लाह. सो ऑब्व्हियस." यावर जगदाळे तिच्याकडे अशा दुखावल्या नजरेनं पाहायचे की केकचा सगळा इतिहास त्या नजरेत असायचा.

हितम तशी कुणाची नव्हती. धक्क्यापासून पुढे नारळाच्या झाडांत एक म्हातारी मलय बाई शहाळी विकते. तिला सगळे मकचिक म्हणतात, म्हणजे मावशी. तिच्या ओट्याजवळ हितम पडून असायची. अर्धा कान नाही, एक पाय आखडलेला, आणि चेहरा सरकारी कचेरीत नंबर लावून बसलेल्या माणसासारखा.

आता यात माझा जो हात आहे तो सांगून टाकते. एका शनिवारी सकाळी मी सगळ्यांच्या पुढे होते. वळणावर झाडीतून हितम बाहेर आली आणि तिच्या तोंडात पिसोरी होती. मेलेली. माझा हात आपोआप फोनकडे गेला. फोटो इतका सुरेख आला की मी तिथंच उभी राहून तो ग्रुपवर टाकला. वर 'केस क्लोज्ड' असं लिहिलं आणि हसरा चेहरा जोडला. जगदाळ्यांची जिरवायची हौस, दुसरं काय.

या देशात फोटो हातात आला की माणूस तक्रार करतो. लिफ्टमधल्या थुंकीपासून फुटपाथवरच्या भेगेपर्यंत सगळ्याची ॲपवर तक्रार होते आणि दोन कामकाजाच्या दिवसांत आभाराचं उत्तर येतं. केळकरांनी माझा फोटो जोडून हितमची तक्रार केली. दोन दिवसांत आभाराचं उत्तर आलं. पुढच्या शनिवारी मकचिकच्या घरामागे लोखंडी पिंजरा लावलेला होता आणि त्यात कोंबडीची तंगडी टांगलेली होती.

जगदाळे त्या आठवड्यात माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मग रविवारी दारात उभे राहिले. हातात माझ्या फोटोची मोठी छापील प्रत.

"वहिनी, या पिसोरीच्या मागच्या पायाला ही रेघ कसली?"

मी पाहिलं. केसाएवढी रेघ होती. "गवत असेल."

"गवत, कशावरून?"

मला राग आला. "अहो, कुत्र्याच्या तोंडात हरीण आहे! अजून काय हवंय तुम्हाला?"

"तोंडात आहे," ते म्हणाले. "पण मारलं कुणी, ते फोटोत नाही." आणि मग, ज्यासाठी आले होते ते म्हणाले, "तुम्ही तिला कुठं पाहिलं ती जागा मला दाखवाल का? तुम्ही एकट्याच साक्षीदार आहात."

असं कुणी म्हटलं की माणूस नाही म्हणू शकत नाही. मी पुढचे तीन शनिवार सायकल सोडून जगदाळ्यांच्या मागे चिखलात रांगले. माझ्यासाठीही गुडघ्याचे पॅड आणले होते. पहिल्या शनिवारी मला जळवा लागल्या. दुसऱ्या शनिवारी पुन्हा लागल्या आणि मी जगदाळ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही वेडे आहात. ते म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही," आणि पुढे सरकले. पिंजरा अजून रिकामा होता. हितम हुशार होती, आणि मकचिक तिला पिंजऱ्याकडे फिरकण्याआधीच पोटभर भात घालत होती.

तिसऱ्या शनिवारी एका रबराच्या झाडाच्या बुंध्याशी जगदाळे थांबले. जमिनीपासून वीतभर उंचीवर तारेचा फास होता. ताणून तुटलेला, आणि तारेला भुरे केस चिकटलेले. दहा पावलांवर दुसरा फास, न तुटलेला. त्या ओळीत पाच निघाले. पिसोऱ्यांच्या रोजच्या वाटेवर कुणीतरी अगदी अभ्यास करून लावलेले.

मी ओरडलेच, "जगदाळे, जिंकलात!"

ते जिंकलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. तसेच चिखलात बसले, तार हातात धरून. "फोटोतली रेघ म्हणजे ही तार. फासात अडकली, मेली, मग हितमला सापडली," ते म्हणाले. "आयती."

अहवाल चौदा पानांचा झाला. परिशिष्टं चार. माझी जबानी परिशिष्ट 'ब' मध्ये होती. सोमवारी संबंधित खात्याला पाठवला, बुधवारी उत्तर आलं. खात्यानं मनापासून आभार मानले होते, फासे काढले होते, गस्त वाढवली होती. शेवटी एक ओळ होती. आधीच्या तक्रारीनुसार सदर कुत्री मंगळवारी पिंजऱ्यात सापडली असून तिला मुख्य बेटावरच्या निवाऱ्यात हलवण्यात आलं आहे. बेटावर परत सोडण्याची तरतूद नाही. योग्य व्यक्तीला दत्तक देता येईल.

मकचिकच्या मुलानं सांगितलं की सोमवारपासून मकचिक तापानं आजारी होती. भात घालायला कुणी नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रडू आलं. एक फोटो आणि एक हसरा चेहरा, एवढंच तर केलं होतं मी. जगदाळे मला बोलले असते तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी फक्त विचारलं, "शनिवारी वेळ आहे का? फॉर्मवर ओळखीच्या एका माणसाची सही लागते."

निवाऱ्याच्या ऑफिसात एक चिनी मुलगी होती. तिनं जगदाळ्यांना चार पानांचा फॉर्म दिला. जगदाळ्यांना फॉर्म मिळाला की ते खुलतात. घराचं क्षेत्रफळ, कामाचे तास, बाल्कनीच्या कठड्याची उंची त्यांनी झरझर लिहिली. तिसऱ्या पानावर पेन थांबलं. मी माझी सही करायला मिळेल म्हणून वाट पाहत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मुलीनं दोनदा घड्याळ पाहिलं. मग जगदाळे लिहायला लागले, आणि रकाना संपल्यावर समासात लिहायला लागले.

पान माझ्याकडे सही करायला आलं तेव्हा मी वाचलं. प्रश्न होता, यापूर्वी कुत्रा पाळला होता का, असल्यास त्याचं काय झालं. खाली जगदाळ्यांच्या स्वच्छ इंग्रजीत जे होतं ते असं.

होय, एक. नाव तांब्या. आमच्या गावच्या माळावर चिंकारा हरणं कमी होत चालली होती. माझे वडील आणि त्यांचे पाहुणे पहाटे जीपमधून जाऊन ती बंदुकीनं मारत. मेलेली हरणं मी जीपमध्ये पाहिली होती. जंगल खात्याचा माणूस चौकशीला आला तेव्हा वडिलांनी सांगितलं की आमचा कुत्राच मारतो. त्या माणसाचा विश्वास बसला नाही. त्यानं मला जवळ घेतलं आणि विचारलं. वडिलांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी म्हणालो, होय, तांब्यानं मारलं. मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याच बंदुकीनं तांब्याला गोळी घातली. त्याला माळावर मीच घेऊन गेलो, कारण तो माझ्याच मागे यायचा.

माझ्या डोळ्यांपुढची अक्षरं पुसट झाली. मी सही केली. मुलीनं पान घेतलं आणि उभ्याउभ्या वाचलं. मग खाली बसली.

"अंकल," ती म्हणाली, "हाऊ ओल्ड वेअर यू?"

"एट."

"एट ओन्ली, अंकल. सो स्मॉल."

"बट आय न्यू," जगदाळे म्हणाले.

ती उठली. आत गेली आणि हितमला घेऊन आली. हितमनं खोलीत सगळ्यांकडे पाहिलं, पाय ओढत आली, आणि जगदाळ्यांच्या इस्त्रीच्या पँटचा वास घेत राहिली. जगदाळे हळूहळू खाली बसले, सरळ फरशीवर. तिच्या अर्ध्या कानापाशी तोंड नेलं.

"चुकलं रं माजं, तांब्या," ते म्हणाले. "लई चुकलं."

मी त्यांना बारा वर्षं ओळखते. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावची बोली मी एकदाही ऐकली नव्हती. ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते आणि कुत्री शांतपणे ऐकत होती.

मुलीनं मला हळूच विचारलं, "आंटी, व्हॉट इज ही सेइंग?"

मला खरं सांगवेना. "नेम," मी म्हणाले. "हर न्यू नेम. तांब्या."

तिनं मान हलवली आणि फॉर्मच्या पहिल्या पानावर कुत्रीच्या नावाच्या रकान्यात तसं लिहिलं. मग पान जगदाळ्यांपुढे धरलं. जगदाळ्यांनी चष्मा पुसला, रकाना वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि खाली सही केली.