मिंगेल डॉक्टरांचं मशीन

आमच्या गिरीज गावातल्या मिंगेल डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्यात शिरलं की समोरच पाटी: ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.’ म्हणजे येणारी अक्कलदाढ मुलगा की मुलगी, हे विचारायची सोयच नाही!

सोनोग्राफीचं मशीन ठेवलं की कायद्याने ही पाटी लावावीच लागते. पण दातवाल्याला ते मशीन हवंच कशाला? गाव पाठीमागे कुजबुजत होतं. मी घराण्यातली पहिली पदवीधर. मी तोंडावर विचारलं.

“एक्स-रेत हाडं दिसतात, बाय. सूज, गाठ, लाळेची ग्रंथी यात दिसते.”

दिसो बापडी! पण दाढ दुखते म्हणून गेलेल्या माणसाच्या गालापासून गळ्यापर्यंत यांची सहल निघते. तेवढ्यात दुसरा डॉक्टर दाढ उपटून चहाही पिऊन येईल. त्यात मशीनची ती जेली हे आधी तळहातावर चोळून कोमट करणार. आणि प्रत्येकाला एकच चौकशी: “जेवताना समोर कोण बसतं?” अहो, दाढ किडली माझी, पंगत कशाला बघता?

मग माझ्या आईच्या जबड्याखाली गाठ आली. जेवायला बसलं की फुगायची. आईने स्वतःच कॅन्सर ठरवला आणि जेवणच सोडलं. माझ्या बी.कॉम.मध्ये यावर धडा नव्हता. तिला ओढत मिंगेल डॉक्टरांकडेच नेलं.

त्यांनी जेली कोमट केली, जबड्याखाली मशीन फिरवलं आणि पडदा आईकडे वळवला.

“हा पांढरा ठिपका बघ, मावशी. लाळेच्या नळीत खडा अडकलाय. जेवताना लाळ तुंबते, म्हणून फुगतं. खडा काढता येतो. कॅन्सरसारखं काही नाही.”

आईने पदराने गळा पुसला, मग डोळे.

“जेवताना समोर कोण बसतं?”

“ही बसते. मोबाइलात तोंड घालून,” आई म्हणाली. “आन तुमच्यासमोर कोन बसते?”

डॉक्टर मशीन पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसत राहिले.

“बायको बसायची. कितीतरी दिवस एकाच बाजूने चावत होती. मला वाटलं, सवय असेल. दिवसभर लोकांची तोंडं बघून यायचो ना. गाठ कळली तेव्हा उशीर झाला होता.”

मी हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला.

“रविवारी आमच्याकडं जेवायला या,” आई म्हणाली. “मी बसते समोर.”

“आधी खडा काढू,” डॉक्टर म्हणाले. “दोन्ही बाजूंनी चावायला लागलीस की येतो. मला बघायचंय.”