हिराकाकूंनी पुरलेलं डोकं

हिराकाकूंकडे मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांच्या टीव्हीशेजारी हात नसलेली एक पांढरीशुभ्र ग्रीक देवी उभी होती आणि तिच्या गळ्याखाली नाडी घट्ट आवळून फुलाफुलांचा परकर बांधलेला होता. मी बघतच राहिलो.

"आता बग बिनधास्त," काकू म्हणाल्या. "दुकानात तशीच उभी व्हती बिचारी, समद्यांसमोर. म्हनून तर घेतली."

मग त्यांनी मला बसवलं, हातात एक काळपट नाणं ठेवलं आणि गॅसवाल्यापासून मतदारयादीवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारतात तो प्रश्न मलाही विचारला.

"सांग, कवाचा हाय यो?"

मी मूळचा साताऱ्याकडचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी करतो. बदलापूरला मांजर्लीत भाड्याने जागा मिळाली. मी पहिल्या मजल्यावर आणि काकू बरोबर माझ्या खाली. लॅब हा शब्द कानावर पडला आणि वस्तूंची वयं सांगणं हे माझं कामच आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी रंगाचा घट्टपणा तपासतो, हे परोपरीने सांगून पाहिलं. "लघवीत काय हाय ता सांगतात लॅबवाले," त्या म्हणाल्या, "नान्याचा सांगाला काय जड हाय?" शेवटी मी शंभर वर्षं सांगून टाकली. काकूंचा चेहरा पडला, म्हणून घाईघाईने तीनशे केली.

संग्रहाची सुरुवात खऱ्या जुन्या वस्तूंपासून झाली होती. आसपासच्या गावांत कुणाचं घर पाडायला काढलं की काकू पिशवी घेऊन हजर. तांब्याची नाणी, दगडी दिवा, चौकटीचा नक्षीदार तुकडा, रांजणाची खापरं, सगळं कपाटात नीट मांडलेलं. पुढे पाडायला जुनी घरंच उरली नाहीत. मग काकूंनी रिक्षा उल्हासनगरच्या बाजाराकडे वळवली. तिथे रोमन राजांची मुंडकी, इजिप्तची मांजरं, चिनी सुरया, पाहिजे त्या काळातलं पाहिजे ते मिळतं. एकदा मीही बरोबर गेलो होतो. दुकानदार सिंधी, माणूस सरळ. "माई, डिझाइन दो हजार साल पुराना है," तो म्हणाला, "माल कल का है."

"कालचा तर कालचा," काकू पिशवी उघडत म्हणाल्या. "जुना व्हयाला येल लागतो. तुला येल नाय, मना हाय."

त्या दिवशी घेतलेला दाढीवाला राजा थेट त्यांच्या सासऱ्यांसारखा दिसतो. त्याच्यासमोरून जाताना काकू अजून पदर सारखा करतात.

त्यांच्याकडच्या वस्तू मधूनमधून नाहीशा होत. टीव्हीजवळचं इजिप्तचं मांजर दिसेना म्हणून मी एकदा विचारलं, तर "गेली" एवढंच उत्तर मिळालं. कुठे गेली ते गेल्या हिवाळ्यात कळलं. सोसायटीच्या बागेत पाण्याची नवी पाइपलाइन टाकायला मजूर खणत होते. कुदळीला काहीतरी टणक लागलं. माती बाजूला केली, तर कुरळ्या केसांचं, सरळ नाकाचं एक डोकं आभाळाकडे बघत होतं.

दहा मिनिटांत पन्नास माणसं जमली. कुणी कपाळाला कुंकू लावलं, कुणी नारळ फोडला. हे अंबरनाथच्या शिवमंदिराच्या काळातलं आहे, असं दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी जाहीर केलं. आमचे सेक्रेटरी सावंत चष्मा पुसून पुढे आले आणि कुणाच्या तरी मोबाइलकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "कुणीही हात लावू नये. पुरातत्त्व खात्याला कळवण्यात येईल."

एवढ्यात काकू भाजी घेऊन आल्या. गर्दीतून वाट काढत खड्ड्यापाशी गेल्या, वाकून बघितलं.

"माजा हाय तो," त्या म्हणाल्या. "होलीच्या आदी पुरला मी."

मजूर आधी हसले. मग सगळेच हसले. सावंतांचा व्हिडिओ मात्र तोवर चार ग्रुपवर गेला होता. ते लालबुंद झाले. "बागेत जे काही पुरलंय ते रविवारपर्यंत बाहेर काढा. नाहीतर मजूर उचलतील आणि सगळं डंपरमध्ये जाईल."

काकू भांडतील असं मला वाटलं होतं. पण डंपर हा शब्द ऐकताच त्या आत निघून गेल्या.

रविवारी सकाळी मी कुदळ घेऊन मदतीला गेलो. काकू जागा दाखवत होत्या, मी खणत होतो. मांजर निघालं, दोन सुरया निघाल्या, दगडी दिवासुद्धा निघाला.

"हा तर खराच जुना आहे की," मी म्हणालो. "मला वाटलं, नवं जुनं दिसावं म्हणून पुरता."

काकू वाफ्याच्या कडेला बसल्या. "आमचा घर व्हता इथं," त्या म्हणाल्या. "तू उभा हायस ना, तिथं चूल. बिल्डरला जागा दिली, फ्लॅट मिलाला, माजा भांडन नाय. पन मशीन आली नि एका दुपारात सासूचा पाटा, गोठ्यातल्या कड्या, सगला उचलून डंपरमदी टाकला. मी म्हनलं थांबा, तर म्हने मावशी, मलबा हाय तो." थोडा वेळ त्या दिव्यावरची माती बोटाने काढत राहिल्या. "ही बिल्डिंग पन पडल कवा तरी. तवा कोनी खोदला तर खाली कायच नाय. इथं मानसं रात व्हती, कसा कलल? काय तरी सापडाला पायजे."

"पण काकू, त्यांना रोमन राजा सापडेल."

"सापडूं दे. इचारतील तरी, यो इथं कोनी ठेवला."

मागे सावंत उभे होते. कधी आले ते आम्हाला कळलंच नव्हतं. मजुरांकडे गेले आणि पाइप भिंतीच्या कडेने घ्यायला सांगितला. जाताना खड्ड्याकडे बघून म्हणाले, "खोल ठेवा जरा."

मी वस्तू परत ठेवायला घेतल्या. ते कुरळं डोकं उचललं तर काकूंनी थांबवलं. घरातून एक खिळा घेऊन आल्या. "पाठीमागं नावं लिव. माजा अक्षर मनाच लागत नाय."

आधी सासू-सासऱ्यांची नावं झाली. मग मी काकूंच्या मालकांचं विचारलं. काकूंनी इकडेतिकडे बघितलं. जन्मात कधी उच्चारलं नसावं. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "काशिनाथ." त्याच्या बाजूला मी न विचारताच हिरा लिहिलं. मग राजा आणि परधान ही बैलांची नावं झाली.

"आता तुजा लिव," काकू म्हणाल्या.

"मी भाडेकरू, काकू. अकरा महिन्यांचा करार."

"रातोस ना इथं?"

"राहतो."

"मंग लिव."

मानेजवळ थोडी जागा उरली होती. तिथे, बैलांच्या खाली, मी माझं नाव लिहिलं.