गाडी घ्यावी, असे सर्वानुमते ठरले

सोलो शहरातील आमच्या चौथ्या गल्लीच्या मासिक सभेत गटार आणि डास हे दोन विषय नेहमीप्रमाणे पुढे ढकलल्यानंतर तिसरा विषय चर्चेला आला: विर्यांतो मास्तरांनी ऑस्ट्रेलियात भाड्याने गाडी घ्यावी की घेऊ नये. सभेला एकोणीस जण हजर होते. त्यांपैकी अठरा जण ऑस्ट्रेलियाला कधीच गेलेले नव्हते आणि एकोणिसाव्याचा भाचा जाऊन आला होता. त्यामुळे चर्चा सखोल झाली. मी गल्लीचा चिटणीस, नाव सुकाम्दी. इतिवृत्त लिहिण्याचे काम एकोणीस वर्षे माझ्याकडे आहे आणि आजवर माझ्या वहीत एकही ठराव बहुमताने झालेला नाही. सगळे सर्वानुमते झाले आहेत.

मास्तरांच्या घरचा प्रश्न गल्लीत कसा आला, असे कोणी विचारू नये. मास्तरांची एकुलती मुलगी लारास शिष्यवृत्ती मिळवून ऑस्ट्रेलियात मातीचे शास्त्र शिकायला गेली आणि वर्गात पहिली आली, तेव्हा आनंदही गल्लीनेच वाटून घेतला होता. आता गुरुवारी दुपारी दोन वाजता तिचा पदवीदान समारंभ होता. मास्तरांनी चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या पोरांची प्रगतिपुस्तके भरली. एकदा बॅडमिंटनच्या मैदानाशेजारी बसलो असताना ते मला म्हणाले, "सुकाम्दी, तिला ती चौकोनी टोपी घालून मंचावर चालताना एकदा बघायचंय. बाकी काही मागणं नाही माझं." अनौपचारिक संभाषण असल्याने हे वहीत घेतलेले नाही.

लारासने सगळे नीट लिहून कळवले होते. विमान सकाळी साडेसहाला उतरेल. विमानतळाच्या दारातून नऊ वाजून दहा मिनिटांनी बस सुटते, ती थेट विद्यापीठाच्या फाटकाशी साडेअकराला पोहोचवते. विमानतळावर भाड्याची गाडीही मिळते. शेवटी लिहिले होते: 'बाबा, तुम्हाला सोयीचं वाटेल ते करा.' पुढचे सारे रामायण या शेवटच्या ओळीने घडवले.

प्रवासाला खरे म्हणजे दोघेच जाणार होते, मास्तर आणि कुस्तिना वहिनी. पण लारासच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागणारा रहिवासी दाखला गल्लीप्रमुख गुनादींनी दिला होता, म्हणून मास्तर सौजन्याने म्हणाले, "गुनादीसाहेब, तुम्हीही चला ना." आमच्याकडे बोलावणे दोनदा नाकारायचे असते. तिसऱ्यांदा बोलावले तर ते मनापासून आहे असे धरतात. दोन नकार फार पटकन पदरात पाडून घेतले असे दिसू नये, म्हणून मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारले. तिसरा नकार उद्धटपणाचा दिसू नये, म्हणून गुनादी हो म्हणाले. मी शेजारी उभा होतो, तेव्हा मलाही तीनदा विचारणे आले. अशा रीतीने चार पारपत्रे तयार झाली.

मग एके दिवशी चहा पिताना मास्तरांनी गुनादींना विचारले, "तुम्ही गाडी चालवता ना?" काहीतरी बोलायचे म्हणून विचारले होते. गुनादींनी त्याचा अर्थ असा लावला की मास्तरांना गाडी हवी आहे आणि ती चालवायची जबाबदारी आपल्यावर येत आहे. पुढच्याच आठवड्यात ते टाय लावून फोटो काढून आले आणि परदेशात गाडी चालवायचा परवाना घेऊन आले. तो परवाना पाहून मास्तरांनी ओळखले की गुनादींना गाडी चालवायची फार हौस आहे. ती हौस मोडू नये म्हणून त्यांनी वहिनींना गाडीच्या आसनांसाठी बाटिकच्या खोळी शिवायला सांगितले. अजून न पाहिलेल्या गाडीच्या चार खोळी दोऱ्यावर वाळत पडलेल्या पाहून गुनादींना रात्रभर झोप लागली नाही, असे त्यांनी मला सकाळी सांगितले.

"मी आयुष्यात सासुरवाडीच्या पुढे गाडी नेली नाही," गुनादी माझा हात धरून म्हणाले. "पण मास्तरांच्या लेकीचा दिवस आहे. त्यांना मानाने गाडीतून उतरावंसं वाटत असेल, तर मी कोण नाही म्हणणारा?"

त्याच दिवशी दुपारी मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले की खरे सांगायचे तर त्यांना बसच बरी वाटते, उंचावर बसून मुलुख बघता येतो. पण गुनादींनी परवाना काढला, आता नको म्हणणे म्हणजे माणसाचा मुखभंग. वहिनींनी मला सांगितलेले तर वेगळेच होते. लहान गाडीत मागे बसले की त्यांना मळमळते, बसमध्ये काही होत नाही. हे त्यांनी लग्नाला एकतीस वर्षे झाली तरी मास्तरांना सांगितलेले नव्हते, कारण मास्तरांनी विचारले नव्हते.

म्हणजे तिघांनाही बस हवी होती आणि हे एका माणसाला माहीत होते. तो माणूस मी. मलाही बसच हवी होती. पण चिटणिसाने सभेत बोलले गेलेले लिहायचे असते, मनातले नव्हे. शिवाय एकाचे गुपित दुसऱ्याला सांगणे म्हणजे तिघांनाही तोंडघशी पाडणे. मी तिघांनाही एकच उत्तर दिले, की सभेत काय ते ठरेल.

सभेत ठरले. गुनादींनी प्रास्ताविकात सर्वांचे आभार मानले, ज्यांची नावे घेता आली नाहीत त्यांचेही मानले, आणि विचारले, "गाडी घ्यायची तर कोणाची हरकत?" सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर म्हणाले, "आपण म्हणाल तसं." गुनादी म्हणाले, "छे छे, आपण म्हणाल तसं." हे एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून फिरून आल्यावर मी लिहिले: सर्वानुमते मंजूर. लगेच वाहन समिती स्थापन झाली. अध्यक्ष, खजिनदार, नकाशा विभाग, खाद्य विभाग आणि छायाचित्र विभाग. माणसे चारच असल्याने एकाकडे दोन विभाग आले. चौघांना एकाच नक्षीचे बाटिकचे सदरे शिवले, आणि निरोपाच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी फलक लागला: 'चौथ्या गल्लीच्या भाडोत्री गाडी शिष्टमंडळास शुभेच्छा'. फलक लागल्यावर माघार घेण्याचा प्रश्नच उरला नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण आमच्या गल्लीत ती थेट अध्यक्षस्थानी बसते.

विमान वेळेवर उतरले. सव्वासातला आम्ही चौघे एका रंगाचे सदरे घालून भाड्याच्या गाड्यांच्या खिडकीसमोर उभे होतो. खिडकीमागच्या मुलीने हसून विचारले, "गाडी हवी आहे की नको?"

इतका उघडा प्रश्न आम्हाला जन्मात कोणी विचारला नव्हता. गुनादींनी मास्तरांकडे पाहिले, मास्तरांनी वहिनींकडे, वहिनींनी आपल्या चपलांकडे. मी वहीत तारीख टाकली. मुलीने पुन्हा विचारले, या वेळी सावकाश, बहिऱ्याला विचारावे तसे. गुनादी नम्रपणे म्हणाले, "आम्ही जरा विचार करून सांगतो." आणि शिष्टमंडळ समोरच्या बाकांवर बैठकीला बसले.

बैठक रीतसर झाली. स्वागत झाले, विमान सुखरूप उतरल्याबद्दल आभार झाले, खाद्य विभागाने डबा उघडून केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात वाटला. मुख्य विषय यायला नऊ वाजले. तेवढ्यात समोरच्या काचेपलीकडे बस येऊन उभी राहिली. तिच्या कपाळावर लारासच्या विद्यापीठाचे नाव होते. चालक खाली उतरला, सामानाचा कप्पा उघडून हात पुसत उभा राहिला. चौघांनीही बस पाहिली.

"बस छान आहे," मास्तर म्हणाले.

"स्वच्छ ठेवतात," गुनादी म्हणाले.

"खिडक्या मोठ्या आहेत," वहिनी म्हणाल्या.

मी तिन्ही मते लिहून घेतली. बस सात मिनिटे उभी होती. मग चालकाने कप्पा बंद केला आणि बस निघून गेली. ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत चौघांच्याही माना तिच्यामागे वळल्या. मग गुनादींनी घसा साफ करून विचारले, "तर मग गाडीच ना?" मास्तर म्हणाले, "आपण म्हणाल तसं." गाडीचा रंग कोणता घ्यावा यावर एकमत व्हायला आणखी दीड तास लागला.

रस्ता एकशेचाळीस किलोमीटर होता. बाटिकच्या खोळी चढवून आम्ही अकराला निघालो. गुनादींनी स्टिअरिंग असे धरले होते की बोटे पांढरी पडली होती. वेग ताशी चाळीस. मागे गाड्यांची रांग लागली की ते कडेला थांबून प्रत्येकाला पुढे जाऊ देत. आपण पाहुणे, यजमानांच्या पुढे जाणे बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते कोणाला खोडता आले नाही. एकशे सोळा यजमान पुढे गेले. बरेच जण हात हलवत होते. त्यातल्या काहींचा हात मैत्रीचा नव्हता, असे मला वाटते.

वहिनी तासाभरात हिरव्या पडल्या. विचारले की म्हणत, "काही नाही, झाडं बघतेय." शेवटी भाताच्या रिकाम्या डब्याने प्रसंग निभावला. एका फाट्यावर रस्ता दुभंगला. माझ्या फोनमधली बाई ठामपणे उजवीकडे म्हणत होती. गुनादींनी मास्तरांना विचारले. मास्तर म्हणाले की चालवणाऱ्याला जसे योग्य वाटेल तसे. गुनादींना वाटले, मास्तरांना डावीकडचा डोंगर आवडला असावा. आम्ही डावीकडे गेलो. डोंगर खरोखर सुंदर होता. दोन वाजले तेव्हा आम्ही त्याच्या पायथ्याशी गाडी वळवत होतो. मास्तरांनी घड्याळ पाहिले आणि बाही खाली ओढून घेतली. नंतर त्यांनी ते पुन्हा पाहिले नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही सभागृहापाशी पोहोचलो. पायऱ्यांवर लारास झगा घालून एकटीच बसली होती. टोपी मांडीवर होती. आम्हाला पाहताच ती धावत आली आणि आईबापांचे हात तिने कपाळाला लावले. प्रवास कसा झाला, तिने विचारले. छान झाला, मास्तर म्हणाले. जेवलात का, तिने विचारले. जेवलो, ते म्हणाले. तुझा समारंभ कसा झाला, हे मात्र त्यांच्या तोंडून निघेना.

आत एक म्हातारा रखवालदार खुर्च्या रचत होता. त्याने आमचे सदरे पाहिले, मुलीचा झगा पाहिला आणि त्याला सगळे कळले. दारात येऊन तो म्हणाला, "यायचंय आत? दिवे लावतो मी. पोरीला पुन्हा एकदा चालू दे मंचावरून. पाच मिनिटांचं काम."

मास्तरांचा सगळा चेहरा हो म्हणत होता. ते अर्धे पाऊल पुढेही सरकले. आणि तोंडाने म्हणाले, "नको नको, तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"बरं," म्हातारा म्हणाला, आणि त्याने दाराला कुलूप लावले. आमच्याकडचा असता तर त्याने अजून दोनदा विचारले असते. त्या देशात एकदाच विचारतात. मास्तर बंद दारासमोर हात बांधून उभे राहिले. मीही म्हाताऱ्याला हाक मारली नाही.

गाडीकडे येताना लारास हळूच म्हणाली, "बाबा, त्या बसमध्ये मी तुमच्या नावाने चार जागा धरून ठेवल्या होत्या."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"म्हटलं, तुमच्या मनात गाडी असेल आणि मी सांगितलं, तर तुम्ही माझ्यासाठी मन माराल."

मास्तरांनी तिचा बसून सुरकुतलेला झगा हाताने सारखा केला. "माझ्याच शाळेत शिकलीस तू," ते म्हणाले. तिथेही ती पहिली आलेली दिसते.

पुढच्या मासिक सभेत गटार आणि डास पुढे ढकलल्यावर मी शिष्टमंडळाचा अहवाल वाचला. 'दौरा सर्व दृष्टींनी यशस्वी झाला.' कोणाची हरकत आहे का, असे गुनादींनी विचारले. कोणाची नव्हती. अनुमोदन मास्तरांनी दिले. त्यांनी हात वर केला तेव्हा त्यांच्याकडे बघणे मला जमले नाही, म्हणून मी वहीत मान घातली.

आता हे वाचताना तुम्ही मनात म्हणत असाल, की चार शहाणी माणसे आणि एकालाही तोंड उघडता येऊ नये? अगदी बरोबर आहे. लारासचा निरोप वाचला तेव्हाच बस बरी हे तुम्हाला कळले होते. ती काचेपलीकडे सात मिनिटे उभी होती, आणि आमच्याइतकीच तुम्हालाही दिसत होती. त्या सात मिनिटांचे माझे टिपण मी पुन्हा काढून पाहिले. तुम्ही काही बोलल्याची नोंद त्यात नाही. तेव्हा सर्वानुमते या शब्दात मी तुम्हालाही धरले आहे. हरकत असेल तर सांगा.