रात्री दिसण्याची सोय आणि एक लिंबू

माणूस अंधारात दिसत नाही, हे निसर्गाने घातलेले बंधन आहे. उजेडातही सगळीच माणसे दिसतात असे नाही. पण तो समाजाचा प्रश्न झाला आणि समाजासाठी वेगळे खाते आहे. अंधाराच्या प्रश्नासाठी मात्र आमच्या लालबाग-परळ भागात एक खास कक्ष उघडण्यात आला. त्याचे नाव 'रात्रकाम दृश्यता व सुरक्षा कक्ष'. मी या कक्षाचा चाहता आहे. इतकी सुरक्षित कचेरी मी दुसरी पाहिलेली नाही. (बाहेर वॉचमन, आत लोखंडी ग्रिल, ग्रिलच्या आत कारखानीस साहेब.)

रात्री रस्त्यावर राबणाऱ्या माणसांना गाडीवाल्यांच्या नजरेस आणून देणे, हे कक्षाचे काम. गटारातला गाळ उपसणारे, रस्ते झाडणारे, केबलसाठी खड्डे खणणारे अशी ही माणसे. ही कामे रात्रीच करावी लागतात, कारण दिवसा रस्त्यावर गाड्या असतात. रात्रीही त्याच गाड्या असतात, पण त्या थांबलेल्या नसतात, एवढाच फरक.

कक्षाने पहिल्याच वर्षी चमकत्या पट्ट्यांची जाकिटे आणली. पोपटी रंग, छातीवर दोन पट्ट्या, पाठीवर दोन. जाकिटे आली त्या दिवशी त्यांना हळदकुंकू लावले, झेंडूचे हार घातले आणि नारळ फोडला. प्लास्टिकची पिशवी मात्र काढली नाही. नवी वस्तू पिशवीतून काढायची नसते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कक्षप्रमुख हेरंब कारखानीस तर पदवीधर आहेत.

जाकिटे कशी वापरावीत याचे शिक्षण देण्यात आले. ते भर दुपारी, कचेरीच्या गच्चीवर. रात्रपाळीच्या कामगारांना त्यासाठी झोपेतून उठवून आणावे लागले. कुणीतरी विचारले की हे रात्री का नाही? साहेब म्हणाले, "रात्री अंधार असतो. पट्ट्या नीट दिसायला नकोत का?" यावर सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली असती.

शिक्षण झाल्यावर जाकिटे कपाटात गेली. कचेरी संध्याकाळी सहाला बंद होते, रात्रपाळी अकराला सुरू होते आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशातून त्यांच्याबरोबर घरी जाते. रात्रपाळीचे मुकादम कास्मीर परेरा यांनी एकदा हा मुद्दा काढून पाहिला. कास्मीर मूळचे माझगावचे, तीन पिढ्या मुंबईत, स्वभावाने सरळ.

"साहेब, किल्ली चौकीवर ठेवा ना. पोरं रात्रीची घालतील, सकाळी परत टांगतील."

"कास्मीर, तुम्ही असं कसं बोलता? गाळात घातलं तर पट्टीची चमक राहील का? आणि चमक गेली तर मग माणूस रात्री दिसणार कसा?"

कास्मीर बराच वेळ या वाक्यातून बाहेर पडायची वाट शोधत होते. शेवटी "ओके साहेब" म्हणून ते ग्रिलमधून बाहेर पडले.

जाकिटे वापरली जात नव्हती, असा आरोप मात्र कुणी करू नये. माझ्या माहितीप्रमाणे वापराची टक्केवारी अशी: साहेबांचे पाहणी दौरे, एकेचाळीस टक्के. उद्घाटने आणि त्यांचे फोटो, तेहतीस. गणपतीच्या आगमन मिरवणुकीत ओळखीच्या कार्यकर्त्यांना दिलेली, एकोणीस. कक्षाची अलिबाग सहल, सात. (सहलीत एकही माणूस हरवला नाही. जाकिटांचा उपयोग होत नाही असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) बेरीज शंभर होते. रात्रकामाला त्यामुळे जागाच उरत नाही.

असे सगळे सुरळीत चालू असताना चिंचपोकळीच्या पुलाजवळ गाळ उपसणाऱ्या कोंडीरामला गाडीने उडवले. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. आता आत सळई आहे आणि कोंडीराम घरी भिंतीला टेकून बसलेला असतो. मला फार वाईट वाटले, हे सरळ सांगतो. कोंडीराम नसता, तर पहिल्या पावसाळ्यातच आमच्या चाळीत कमरेएवढे पाणी शिरले असते.

चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने प्रथम कपाट उघडून जाकिटे तपासली. एकाही जाकिटाला ओरखडा नव्हता. समितीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा मागवला.

मग गाडीवाल्याचा जबाब झाला. त्याचे नाव विनीत. जिथे पूर्वी गिरणी होती तिथे उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहतो, शिकला परदेशात. तो म्हणाला, "समोर रस्त्यात उतारा ठेवला होता. नारळ, भात, कुंकू, वर लिंबू. मी असलं काही मानत नाही हां. पण उगाच कशाला, म्हणून गाडी डावीकडे घेतली. डावीकडे माणूस होता, तो दिसलाच नाही."

समितीने या जबाबाचे कौतुक केले. अंधारात, त्या वेगात, एवढेसे लिंबू लांबून दिसले म्हणजे गाडीवाल्याची नजर उत्तम होती, तो शुद्धीत होता आणि सावधही होता. नजर उत्तम असूनही कोंडीराम दिसला नाही, याचा अर्थ दोष कोंडीरामच्या दिसण्यात होता. त्याला ताकीद देण्यात आली. ती त्याने इस्पितळातल्या पलंगावर पडूनच स्वीकारली.

कोंडीरामच्या जागी रघूला नेमले. तोच पूल, तेच गटार. रघू घोडपदेवच्या चाळीत आईबरोबर राहतो. आई गंगुबाई, मूळची मालवणची, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण दुसऱ्याने सगळ्या चाळीवर लक्ष. मुलगा कोणाच्या जागेवर जातोय, हे कळल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरेना.

"जाकीट देतत मां तुका?" तिने विचारले.

"आहे ना. कपाटात."

"आणि तू?"

"मी रस्त्यावर."

"म्हणजे जाकीट घरात नि माझो झील भायर! बरो न्याय आसा!" म्हणत ती तरातरा उठली. कोंडीरामला दृष्ट लागली होती, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. त्याच जागेवर आता आपला मुलगा उभा राहणार. तिने पत्रावळीवर भात घेतला, त्यावर कुंकू टाकले, वर लिंबू ठेवले आणि सगळे रघूवरून तीनदा ओवाळले. "तिठ्यावर ठेव. मागे वळान बघू नको."

रघूने पत्रावळ घेतली. पण तिठा होता उलट दिशेला, पाळीची वेळ झाली होती आणि रघू आईचा एकुलता एक असल्यामुळे थोडा आळशीही होता. त्याने पत्रावळ सरळ कामावर नेली, गटारापासून दहाएक पावले अलीकडे रस्त्यावर ठेवली आणि मागे वळून न बघता झाकण उघडले.

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आले की आज अंगावरून वारा जात नाहीये. आधीच्या जागी रोज गाड्या इतक्या जवळून जात की बनियन फडफडे. आईने सांगितलेले मोडून त्याने वळून पाहिले. गाड्या लांबूनच वेग कमी करत होत्या, अदबीने रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जात होत्या आणि रघूच्या पुढे बरेच अंतर गेल्यावर परत आपल्या जागी येत होत्या. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे.

त्या दिवसापासून गंगुबाई रोज एक उतारा करू लागली. मुलाची दृष्ट रोज निघते, या समाधानात ती दोन घास जेवू लागली. रघूही रोज धडधाकट घरी येऊ लागला. आठवड्याभरात कास्मीर मुकादम स्वतः घोडपदेवला आले. त्यांनी आधी छातीवर क्रूस काढला आणि मग गंगुबाईंना म्हणाले, "मावशी, बाकीच्या पोरांसाठी पण चार करा ना. मी मानत नाय हां हे. पण गाडीवाले मानतात ना."

मी स्वतः पुलाच्या कठड्याला टेकून निरीक्षण केले आहे. शंभर गाड्यांपैकी शहाण्णव बाजूने गेल्या. दोन थांबल्या आणि आतल्या माणसांनी हात जोडले. एक मागे वळून दुसऱ्या रस्त्याने गेली. शंभराव्या गाडीतल्या गृहस्थांनी तर काच खाली केली आणि रघूला हाक मारली. कोणीतरी आपल्याला पाहिले, या आनंदाने रघू फावडे टाकून जवळ गेला. गृहस्थ कळवळून म्हणाले, "अहो, तिथं लिंबू आहे. जरा सांभाळून."

ही प्रगती कक्षाच्या कानावर गेली नसती तरच नवल. कारखानीस साहेब प्रथम रागावले, कारण सुरक्षा झाली होती आणि ती कक्षाला न विचारता झाली होती. मग त्यांनी विचार केला. त्यांचा मोठेपणा असा की त्यांनी लिंबाचे महत्त्व मान्य केले आणि लगेच ते कक्षाच्या अखत्यारीत घेतले. परिपत्रक निघाले. लिंबू पिवळे, डागविरहित आणि मध्यम असावे. ते कक्षाचा शिक्का असलेलेच असावे. भात मंजूर आहे, पण बासमती नको. कुंकवाबाबत अभिप्राय मागवला आहे. खाजगी व्यक्तीने, विशेषतः कामगारांच्या नातेवाइकांनी, ठेवलेले लिंबू रस्त्यावर आढळल्यास जप्त केले जाईल.

पहिल्याच रात्री गंगुबाईची सगळी लिंबे जप्त झाली. (दुसऱ्या दिवशी कचेरीत सर्वांना सरबत मिळाले. उकाडाही फार होता.)

शिक्क्याच्या लिंबांचे शिक्षण दुपारी गच्चीवर पार पडले. फोटो छान आले. नंतर लिंबे खराब होऊ नयेत म्हणून कक्षासाठी एक फ्रीज घेण्यात आला. त्याला कुलूप आहे.

कास्मीर मुकादमांनी पुन्हा ग्रिलच्या आत जाऊन पाहिले. "साहेब, लिंबू फ्रीजमध्ये काय कामाचं? रस्त्यावर पाहिजे ते."

"कास्मीर, रस्त्यावर लिंबू ठेवलं आणि त्याच्यावरून गाडी गेली तर? जबाबदार कोण?"

गंगुबाई कचेरीच्या दारात येऊन गेली. वॉचमनने आत सोडले नाही. ती तिथेच पायरीवर बसून मोठ्याने बोलत राहिली की तुमचा शिक्का घाला चुलीत, माझो झील माका धडाचो परत पाठवा. तिचे म्हणणे साहेबांपर्यंत पोचले नाही. ग्रिलच्या आत एसी चालू असतो आणि दार बंद ठेवावे लागते. संध्याकाळी ती चालत घोडपदेवला गेली. त्या रात्री रघू कामावर निघाला तेव्हा तिने नुसताच हात त्याच्यावरून ओवाळला. हातात काही नव्हते.

आता शेवटी तुमच्याबद्दल. तुम्ही रात्री त्या पुलावरून जाता, हे मला माहीत आहे. पार्टी लांबते, विमान उशिरा येते, मुलाला क्लासहून आणायचे असते. तुम्ही अंधश्रद्धाळू नाही, हेही मला माहीत आहे. उतारा दिसला की तुम्ही फक्त गाडी थोडी बाजूला घेता. ती आता घ्यावी लागणार नाही. सगळी लिंबे कक्षाने सुरक्षित ठेवली आहेत आणि रस्त्यावर गटाराशी वाकलेला रघू सोडला तर दुसरे काहीही नाही. तेव्हा खुशाल वेगात जा. तुमच्या चाकाखाली लिंबू येणार नाही, याची कक्षातर्फे लेखी हमी आहे.